डाउनटाउनमध्ये नवीन बेसबॉल पार्क येतंय? होकार देण्याआधी काय काय तपासायचं

अमेरिकेतल्या छोट्या-मध्यम शहरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. डरहॅम, हार्टफर्ड, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर, अशा गावांत नोकरीनिमित्त येऊन लोक घरं घेतात, प्रॉपर्टी टॅक्स भरायला लागतात, आणि मग एक दिवस लोकल पेपरात बातमी येते की डाउनटाउनमध्ये मायनर लीगचं, म्हणजे मोठ्या मेजर लीग क्लबांच्या हाताखालच्या टीमांचं, नवीन बॉलपार्क होणार, शेजारी अपार्टमेंट, हॉटेल, रेस्टॉरंट, सगळं चकाचक. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला वाटतं आपला काय संबंध. संबंध आहे, कारण या पार्कांना बहुतेक वेळा शहराचा पैसा लागतो आणि ते कर्ज पंचवीस-तीस वर्षं फिटत राहतं. मला स्वतःला ही पार्कं मनापासून आवडतात, मुलांना घेऊन कमी पैशात छान संध्याकाळ जाते, ओसाड पडलेल्या भागात माणसं दिसायला लागतात. म्हणूनच सांगते, नुसतं पार्कचं चित्र बघू नका, आजूबाजूच्या जमिनीवर कोण काय बांधणार, कधी बांधणार, आणि ते सही झालेल्या कागदावर आहे का ते बघा.

सुरुवात मॅच किती यावरून करा. ट्रिपल-ए म्हणजे मायनर लीगची सगळ्यात वरची लेव्हल, तिथल्या टीमच्या सीझनला १५० मॅच, त्यातल्या ७५ घरच्या मैदानावर, डबल-ए ला ६९ आणि त्याखालच्या दोन लेव्हलला ६६. मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच, सोमवारी सुट्टी, मग पुढचा आठवडा बहुतेक वेळा बाहेरगावी. म्हणजे वर्षातले जवळपास २९० दिवस तिथे बेसबॉल नाही. मुहूर्ताच्या दिवशीच उघडणाऱ्या मंगल कार्यालयाच्या भरवशावर शेजारी कोणी बारमाही हॉटेल चालवू शकत नाही, तसंच हे आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की उरलेल्या दिवसांत पार्क कोणासाठी उघडं आहे, कॉन्सर्ट, शाळांचे सामने, फार्मर्स मार्केट यांचे दिवस करारात लिहिलेत का, आणि त्या दिवसांचं भाडं शहराला मिळणार की टीमला. नॉक्सव्हिलला २०२५ मध्ये उघडलेल्या पार्कमध्ये बेसबॉलबरोबर फुटबॉलची टीमही खेळते, हा विचार मला पटतो.

आता पैसे. इथे जरा वेळ द्या, कारण खरी मेख इथेच असते. टीआयएफ (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे वाढीव टॅक्समधून कर्ज फेडणं) नावाचा प्रकार तुम्हाला जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात दिसेल, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्यासारखाच डीआयएफ म्हणून आहे. समजा पार्कशेजारच्या रिकाम्या प्लॉटची किंमत आज १० लाख डॉलर आहे आणि टॅक्स २ टक्के, म्हणजे वर्षाला २० हजार. तिथे ३ कोटींची बिल्डिंग झाली की टॅक्स ६ लाख होतो. जुने २० हजार शहराच्या नेहमीच्या तिजोरीत आणि वाढलेले ५ लाख ८० हजार पार्कच्या कर्जाला. अशा तीन बिल्डिंगा झाल्या तर वर्षाला १७ लाख ४० हजार, आणि कर्जाचा हप्ता १६ लाख असेल तर सगळं आरामात बसतं. पण एकच बिल्डिंग झाली तर? १० लाख २० हजार कमी पडतात, आणि ते येतात जनरल फंडातून, म्हणजे जिथून बर्फ काढायचे, लायब्ररीचे, पोलिसांचे पैसे जातात तिथून. म्हणून 'हे पार्क स्वतःचे पैसे स्वतः फेडेल' असं कोणी म्हटलं की विचारा, किती बिल्डिंगा धरल्यात, आणि त्यातल्या किती बिल्डिंगांचं बँक फायनान्सिंग आज पक्कं आहे? काही राज्यांत शाळांच्या वाट्याचा वाढीव टॅक्सही यात जातो, तेही विचारून घ्या.

पैसे उभे करायचे दुसरे मार्गही आहेत आणि काही मला जास्त प्रामाणिक वाटतात. ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर १९९३ मध्ये लोकांना मत विचारलं, डॉलरमागे एक सेंट सेल्स टॅक्स, ठराविक वर्षांसाठी, आणि त्या पैशातून ब्रिकटाउन भागातलं बॉलपार्क १९९८ मध्ये झालं, १९९९ मध्ये कालवा झाला, आणखी बरंच झालं, कारण ते मुळात फक्त स्टेडियम नव्हतंच, अख्ख्या डाउनटाउनचं पॅकेज होतं. एल पासोमध्ये लोकांनी २०१२ साली हॉटेल टॅक्स वाढवायला मत दिलं, म्हणजे भार बराचसा पाहुण्यांवर, पण तिथे जागा करायला २०१३ मध्ये सिटी हॉलच स्फोटकं लावून पाडलं, आणि मग सगळी ऑफिसं हलवायचा खर्च वेगळा. तेव्हा एकूण खर्च विचारताना 'फक्त पार्कचा की रस्ते, पार्किंग, गटार, जमीन, हलवाहलव धरून' हे विचाराच.

खर्च वाढला तर कोण भरणार? हे वाक्य करारात शोधा, नसेल तर थांबा. हार्टफर्डची गोष्ट यासाठी नीट वाचण्यासारखी आहे. न्यू ब्रिटनहून टीम आणायची, २०१६ च्या सीझनला पार्क तयार, खर्च ५ कोटी ६० लाख डॉलर, असं ठरलं. पार्क वेळेत झालंच नाही, शहराने जूनमध्ये डेव्हलपरला काढलं, आणि टीमने तो अख्खा सीझन बाहेरगावी खेळून काढला. पार्क एप्रिल २०१७ मध्ये उघडलं, खर्च ७ कोटींच्या पुढे. पार्क सुंदर आहे, लोक भरभरून येतात, हेही खरं. पण शेजारचे प्लॉट त्याच डेव्हलपरला दिलेले असल्यामुळे ते कोर्टकज्ज्यात अडकले आणि वर्षानुवर्षं नुसते पार्किंग लॉट राहिले, पहिली अपार्टमेंट बिल्डिंग उघडायला २०२२ उजाडलं. पार्क आणि बाजूचे प्लॉट एकाच हातात देणार असाल तर एकाचं भांडण दुसऱ्याला लागू नये अशी सोय आधी करायची, आणि ठरलेल्या तारखेला बांधकाम सुरू नाही झालं तर जमीन शहराकडे परत येईल असं कलम हवंच. वूस्टरलाही सुरुवातीला १० कोटींच्या आसपास असलेला आकडा २०२१ मध्ये पार्क उघडेपर्यंत १६ कोटींच्या घरात गेला.

आणि एक गोष्ट जी मीटिंगमध्ये फार कोणी काढत नाही, लायसन्सची मुदत. २०२१ पासून मायनर लीगचा कारभार मेजर लीग बेसबॉलकडे आहे, टीम १६० वरून १२० झाल्या, आणि प्रत्येक टीमला १० वर्षांचं लायसन्स मिळालं. खेळाडूंचे पगार वरचा मेजर लीग क्लब देतो, लोकल मालक तिकिटं, खाणंपिणं, जाहिराती यावर कमावतो. मेजर लीगने क्लबहाउस, दिवे, सराव-टनेल, महिला स्टाफसाठी वेगळी चेंजिंग रूम असे नियम घातले, आणि त्यासाठी लागणारा पैसा बऱ्याच गावांना उभा करावा लागला. आता बघा, लायसन्स १० वर्षांचं आणि तुमच्या शहराचं कर्ज ३० वर्षांचं. टीम गावातून जाणार नाही असा करार कर्ज फिटेपर्यंतचा आहे का, आणि उद्या नियम परत बदलले तर दुरुस्तीचे पैसे कोणाचे, हे दोन प्रश्न लिहूनच घेऊन जा. पॉटकेटमधून बॉस्टनच्या रेड सॉक्स या मेजर लीग क्लबची ट्रिपल-ए टीम वूस्टरला गेली, किन्स्टनची टीम स्पार्टनबर्गला गेली, आणि मागे राहिलेल्या गावांचं फार वाईट वाटतं मला. पॉटकेटच्या मैदानावर १९८१ मध्ये ३३ इनिंगची मॅच झाली होती, प्रोफेशनल बेसबॉलमधली सगळ्यात लांब. एवढा इतिहास असूनही टीम राहिली नाही.

मग चांगलं कुठे झालं, तर डरहॅम बघा, आणि तिथे काय क्रमाने झालं ते बघा. पार्क १९९५ चं, समोरचा अमेरिकन टोबॅकोचा कारखाना १९८७ पासून बंद. पार्क उघडलं म्हणून कारखाना लगेच जिवंत झाला नाही, नऊ वर्षं गेली, २००४ मध्ये तो कॅम्पस उघडला. ते जमलं कारण टीमची मालक कंपनीच तो कारखाना विकत घेऊन त्यात उतरली, ड्यूक युनिव्हर्सिटी, ग्लॅक्सो अशा भाडेकरूंनी जागा घ्यायचं कबूल केलं, आणि शहर आणि काउंटीने पार्किंगचे मजले बांधायला पैसे दिले. लाल विटांची इमारत, पाण्याची टाकी, उंच चिमणी, मधून वाहणारं पाणी, दुपारी ऑफिसवाले डबा खात बसलेले, मॅच नसली तरी माणसं. रोजची माणसं ऑफिसांमुळे आली, पार्कने त्यांना संध्याकाळचं कारण दिलं. तुमच्या गावच्या प्रस्तावात रोज येणारी ही माणसं कोण आहेत ते शोधा.

फायद्याचा रिपोर्ट मिळाला तर आधी तो कोणी पैसे देऊन करवून घेतलाय ते बघा. मग बघा की पार्कमध्ये खर्च होणारा प्रत्येक डॉलर नवीन धरलाय का. शुक्रवारी तुम्ही पार्कात १०० डॉलर घालवलेत तर त्या आठवड्यात नेहमीच्या रेस्टॉरंटला गेला नसाल, मग शहराला नवीन काय मिळालं? स्वतंत्र अर्थशास्त्रज्ञ बहुतेक हेच सांगत आलेत, वूस्टरमध्येच होली क्रॉस कॉलेजला शिकवणारे व्हिक्टर मॅथेसन हे त्यातलं ठळक नाव.

प्रत्यक्ष करायचं असं. सिटी कौन्सिलच्या वेबसाइटवर अजेंडा येतो, त्याला जोडलेली पीडीएफ उघडा आणि टर्म शीट (ठरलेल्या मुख्य अटींची यादी), लीज, डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट ही तीन कागदपत्रं शोधा. नाही दिसली तर सिटी क्लर्कला ईमेल करून पब्लिक रेकॉर्ड्सच्या कायद्याखाली मागा, वकील लागत नाही. पब्लिक कॉमेंटला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात एकच प्रश्न विचारा, आकड्यासकट, आणि लेखी प्रत द्या म्हणजे रेकॉर्डवर राहते. व्हिसावर आहोत, ग्रीन कार्ड नाही म्हणून गप्प बसू नका, मत देता येत नाही पण मीटिंगमध्ये रहिवासी म्हणून बोलायला सिटिझनशिप बहुतेक ठिकाणी लागत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तारीख टाका, पाच-सहा जण वेगवेगळे प्रश्न वाटून घेऊन गेलात तर कौन्सिलचे लोक नोट्स काढायला लागतात. शेजारच्या जुन्या वस्तीतल्या लोकांशीही बोला, भाडं वाढलं तर पहिली झळ त्यांना, आणि त्यांना पार्किंगपासून रात्रीच्या फटाक्यांपर्यंत सगळं माहीत असतं.

प्रस्ताव पास झाला तरी काम संपत नाही. दरवर्षी बजेटच्या वेळी टीआयएफचा हिशोब मागवा, किती वाढीव टॅक्स आला, हप्ता किती होता, जनरल फंडातून किती गेले, आणि ज्या प्लॉटची तारीख उलटून गेली त्याचं जमीन परत घ्यायचं कलम शहराने वापरलं का.