कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करताय? मग आधी हे वाचा

अशी यादी करायला बसलं की पंतप्रधान, नोबेलवाले, लेखक अशी नावं पटापट एकाखाली एक पडतात आणि झालं काम. प्लीज असं करू नका, त्यात माणसं हरवतात. उदाहरणाला ऑक्सफर्डचं युनिव्हर्सिटी कॉलेज घेऊ, तिथे सगळ्या तऱ्हेची मंडळी सापडतात.

आधी बघा माणूस तिथे खरंच शिकलाय का. ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचं नाव या कॉलेजशी जोडलं जातं पण ते तिथे फेलो होते, म्हणजे शिकवणाऱ्या-संशोधन करणाऱ्या मंडळींपैकी, शिकले ऑक्सफर्डच्याच जीझस कॉलेजात. आणि लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज ही वेगळीच संस्था, १८२६ ची, नाव सारखं म्हणून तिथली माणसं इथे घुसडू नका. बिल क्लिंटन १९६८ मध्ये ऱ्होड्स स्कॉलरशिपवर (परदेशी विद्यार्थ्यांना ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी शिष्यवृत्ती) आले पण डिग्री न घेताच परत गेले, म्हणून 'पदवीधर' नको, 'शिकले' लिहा.

मग प्रत्येकाचा मधला रस्ता शोधा, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. क्लेमेंट अ‍ॅटली इतिहास शिकून १९०४ ला बाहेर पडले, वकिली केली, लंडनच्या गरीब वस्तीत मुलांचा क्लब सांभाळला, आणि ब्रिटनचे पंतप्रधान झाले थेट १९४५ ला, म्हणजे नुसतं 'पंतप्रधान' लिहिलंत तर चाळीस वर्षं गायब! बॉब हॉक यांनी इथे ऑस्ट्रेलियातल्या वेतननिश्चितीवर प्रबंध लिहिला, मग कामगार संघटनेत जाऊन पगारासाठीच भांडले आणि १९८३ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. धागा असा जोडून दाखवा.

कॉलेजच्या दिवसांतली एखादी छोटी गोष्ट मिळाली तर सोडू नका. स्टीफन हॉकिंग १९५९ ला सतराव्या वर्षी आले, फिजिक्स करता करता कॉलेजच्या बोटीचे कॉक्स झाले, म्हणजे वल्हवणारे आठही जण पाठमोरे जात असतात आणि पुढचं पाणी बघून बोट वळवतो तो हा एकटा. कितीही मोठ्या पुरस्कारापेक्षा हे चित्र लक्षात राहतं.

काढून टाकलेल्यांनाही घ्या. कवी शेली अठरा वर्षांचा होता, नास्तिकतेवरचं पत्रक तू लिहिलंस का या प्रश्नाला उत्तर द्यायला नाही म्हणाला आणि १८११ मध्ये त्याला हाकललं. आज त्याच कॉलेजात त्याचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, बुडून किनाऱ्याला लागलेला देह, कुशीवर निपचित पडलेला.

जुन्या यादीत सगळे पुरुषच दिसले तर कारणही लिहा, इथे मुलींना प्रवेशच १९७९ पासून मिळाला.

आणि जे प्रसिद्ध नाहीत त्यांना सरळ विचारा, शिकलात काय, पहिली नोकरी कुठली, आत्ता काय करता, आणि हे छापू का. 'नको' म्हणाले तर नाव वगळा.