रडायचं स्वगत बसवताना

एकांकिकेतलं तीन मिनिटांचं दुःखाचं स्वगत हातात आलं की नवा नट आधी रडू आणायला बघतो. चेहरा पिळवटतो, घसा दाटतो आणि शब्द तिसऱ्या रांगेपुढे जात नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रातलं रससूत्र इथे तालमीला फार उपयोगी पडतं. विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (तिचा दिसणारा परिणाम) आणि व्यभिचारी भाव (मधेच येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून रस, एवढंच ते सांगतं. स्थायी भावाचं, म्हणजे शोकासारख्या मूळ भावनेचं, त्यात नावही नाही. कारण आणि परिणाम नीट उभे करा, शोक मागून येतो.

पाठांतर आधी उरका, तेही सपाट सुरात, कपड्यांच्या घड्या घालता घालता. ओळ आठवावी लागत असेल तोवर भावनेला हात लावू नका.

मग कारण शोधा, आणि ते हातात धरता येईल असं. ‘बाबा गेले’ यावर खेळता येत नाही, त्यांच्या चष्म्याच्या घरावर येतं. झाकण उघडा, काच पुसा, दांडीचा सैल स्क्रू बोटानं चाचपा. उत्तरायुष्यात रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीनेही भावनिक स्मृतीपेक्षा, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवण्यापेक्षा, शारीरिक क्रियांवर भर दिला. स्वतःची आठवण वापरायचीच असेल तर दुःख आठवू नका. त्या खोलीतला वास, पंख्याची घरघर, पायाखालची फरशी आठवा. ताजी जखम मात्र नको. ती तालमीत आवरत नाही आणि प्रयोगागणिक बोथट होत जाते.

खरं रडू आलंच तर घात आवाजाचा होतो. स्वरयंत्र वर चढतं, गळा आवळतो, वाक्याचं शेपूट गिळलं जातं. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी! ‘मी त्यांना माफ केलं नाही’ यातला ‘नाही’ बुडाला की नाटकच उलटं होतं. म्हणून संहितेत प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा, त्याच्या अलीकडे श्वासाची खूण करा आणि जांभई देताना असतो तसा घसा मोकळा ठेवून तो शब्द टाका.

अश्रूंची चिंता सोडा, मागच्या रांगांना ते दिसत नाहीत. भावनेनं शरीरावर आपोआप उमटणाऱ्या आठ सात्त्विक भावांपैकी स्तंभ, म्हणजे थिजणं, सगळ्यात लांबून दिसतो: चष्मा पुसणारा हात मधेच थांबतो, तो.

एका तालमीत पूर्ण भावनेनं दोनदाच करा, बाकी वेळा नुसत्या जागा आणि हालचाली. झाल्यावर चष्मा दुसऱ्याच्या हातात द्या, हातपाय झटका, पाणी प्या.