‘आस्क’ वापरताना या चुका टाळा

‘आय आस्क्ड टू हिम.’ इंग्रजी शिकताना हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकदा तरी गेलेलं असतं. ‘त्याला’मधला ‘ला’ तिकडे ‘टू’ होऊन बसतो. ‘आस्क’ला तो लागत नाही. ‘आय आस्क्ड हिम’ एवढंच पुरतं. ‘की’चंही तेच: ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर...’ यातला ‘दॅट’ काढून टाका.

खरी गल्लत पुढे आहे. मराठीत विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं. इंग्रजी दोन्ही ‘आस्क’वरच भागवते, फरक दाखवतात ती मागची छोटी अव्ययं. पैसे मागितले तर ‘फॉर’, पैशांविषयी विचारलं तर ‘अबाउट’. यांची अदलाबदल झाली, की नुसती चौकशी करायला गेलेला माणूस उसने मागायला आलाय असं वाटतं!

एका क्रियापदाला दोन कामं कशी, हे व्युत्पत्ती पाहिली की उलगडतं. ‘आस्क’चं मूळ ‘शोधणे, हवं असणे’ अशा अर्थाच्या आद्य इंडो-युरोपीय धातूत आहे. आद्य इंडो-युरोपीय म्हणजे संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांची पूर्वज मानली जाणारी भाषा. उत्तर हवं असो की पैसे, हवं असणं दोन्हीकडे आहेच. संस्कृतातला ‘इष्’ त्याच कुळातला. त्यातून आपल्याकडे इच्छा आली, अन्वेषण आलं आणि मुळात गाईंचा शोध असं सांगणारं गवेषणही.

इथे एक चूक हमखास होते. ‘म्हणजे आस्क संस्कृतातूनच गेला,’ असा निरोप लगेच फिरू लागतो. तसं नाही. ही लांबची भावंडं आहेत, मायलेक नव्हेत. इंग्रजांची भारताशी गाठ पडण्याच्या कितीतरी शतकं आधी हा शब्द जुन्या इंग्रजीत होता.

तोही दोन रूपांत: ‘आस्किअन’ आणि ‘आक्सिअन’. म्हणून कुणी ‘आक्स’ म्हटलं की त्याला अडाणी ठरवू नका. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने ते रूप वापरलंय, 1535 च्या कव्हरडेलने केलेल्या बायबलच्या इंग्रजी अनुवादातही ते सापडतं. पुढे प्रमाण इंग्रजीने ‘आस्क’ उचललं, एवढंच. ‘क’ आणि ‘स’ची ही अदलाबदल आपल्याला नवी नाही. पीक गेलेला शेतकरी ‘नुसकान झालं’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘नुकसान’ असं सुधारायला कोण जातं?