वैमानिक वडिलांच्या हवाई दलातील कारकिर्दीची नोंद कशी करावी

हवाई दलातून निवृत्त झालेल्या वडिलांचा अनुभव लिहून ठेवायचा म्हणून मुले बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: "बाबा, युद्धात काय काय झालं ते सांगा." त्यावर वडील गेली तीस वर्षे पाहुण्यांना सांगत आले तीच कथा, त्याच शब्दांत आणि त्याच ठिकाणी थांबून, पुन्हा सांगतात आणि रेकॉर्डिंग दहा मिनिटांत संपते. ती कथा खोटी नसते, पण ती घासून गुळगुळीत झालेली असते. नवे काही हाती लागावे असे वाटत असेल, तर सुरुवात वडिलांपासून न करता त्यांच्या लॉगबुकापासून करावी, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. माझे वडील १९५०च्या दशकाच्या अखेरीस कमिशन मिळालेले, एचटी-२ आणि हार्वर्ड या शिकाऊ विमानांवर शिकलेले व पुढे बहुतेक सेवा वाहतूक विमानांवर केलेले वैमानिक होते, त्यामुळे खालचे विवेचन त्या पिढीच्या कागदपत्रांना धरून आहे.

लॉगबुक वाचणे

वैमानिकाचे लॉगबुक हे जाड पुठ्ठ्याचे, आडव्या पानांचे पुस्तक असते आणि प्रत्येक उड्डाणाला त्यात एक ओळ मिळते. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, मुख्य वैमानिक, दुसरा वैमानिक किंवा विद्यार्थी, कामगिरीचे स्वरूप आणि दिवसाचे व रात्रीचे उड्डाण-तास असे रकाने ओळीने येतात. महिन्याच्या शेवटी बेरीज असते आणि तिच्याखाली फ्लाइट कमांडर व कमांडिंग ऑफिसर यांच्या सह्या असतात. या सह्या दुर्लक्षू नयेत, कारण वडील कोणत्या काळात कोणाच्या हाताखाली होते हे त्यांवरून महिन्यागणिक कळते आणि बदलीची तारीख आठवत नसली तरी सही बदललेली दिसते.

प्रकाराच्या रकान्यात पुष्कळदा नुसती "वरीलप्रमाणे"ची खूण असते किंवा ते अक्षर शाईत विरलेले असते. अशा वेळी क्रमांकाच्या आधीची अक्षरे पाहावीत. भारतीय हवाई दलात हंटरला "बीए", नॅटला "आयई", कॅनबेराला "आयएफ", पॅकेटला "आयके" आणि अँटोनोव्ह-१२ला "बीएल" अशी अक्षरे होती, त्यामुळे केवळ क्रमांकावरून विमान ओळखता येते. जुन्या फोटोतल्या विमानाच्या शेपटाजवळचा क्रमांक वाचता आला, तर तोच क्रमांक लॉगबुकात शोधून तो फोटो निदान एखाद्या वर्षापुरता तरी बांधून घेता येतो.

सर्व ओळी संगणकावरील तक्त्यात उतरवून घ्याव्यात, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी ते दुसऱ्याला देऊ नये, कारण ओळी उतरवतानाच विचारायचे प्रश्न सुचतात. एक तांत्रिक सूचना येथेच करतो. उड्डाणाचे तास "तास:मिनिटे" अशा रूपात लिहिले की तक्ता त्यांना घड्याळाची वेळ समजतो आणि बेरीज चोवीसच्या पुढे गेली की पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. बेरजेच्या चौकटीसाठी एकूण लोटलेले तास दाखवणारे स्वरूप निवडावे. एवढे करूनही तुमची बेरीज लॉगबुकातल्या एकूण तासांशी जुळली नाही, तर घाबरू नये. मागील पानावरून आकडा पुढे आणताना झालेली चूक पुढे वीस वर्षे तशीच वाहत आलेली मी पाहिली आहे. ती सुधारू नये, टिपेत नोंदवावी.

स्कॅन करताना पाने सुटी करू नयेत. मध्ये चिकटवलेल्या चिठ्ठ्या, वार्षिक मूल्यांकनाचे शिक्के, एखादा अपघात टाळल्याबद्दलचा शेरा, तसेच कोरी पाने हे सारे ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने घ्यावे. पानांना ३०० डीपीआय आणि छायाचित्रांना ६०० डीपीआय पुरेसे आहे. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांपासून दूर राहावे.

विचारणे

लॉगबुकाचे पान समोर ठेवून एका ओळीवर बोट ठेवावे आणि त्या दिवसाबद्दल विचारावे. "कसं वाटत होतं?" या प्रश्नाला त्या पिढीतील अधिकारी सहसा उत्तर देत नाहीत, पण "या दिवशी जोरहाटहून निघून दोन तास दहा मिनिटांनी परत आलात, मग मधल्या वेळात खाली काय दिसत होतं?" या प्रश्नाला ते अर्धा तास बोलतात.

माझ्या वडिलांचे एक उदाहरण देतो. १९६२च्या युद्धात भारताने लढाऊ विमाने वापरली नाहीत, पण वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टरे मात्र अखंड कामात होती, आणि माझे वडील त्या वेळी डाकोटातून नेफामधील (आजच्या अरुणाचल प्रदेशातील) ठाण्यांवर रसद टाकत होते. "महिनाभर रोज दोन सॉर्टी", म्हणजे दोन उड्डाणे, असे ते नेहमी सांगत. चिनी हल्ला २० ऑक्टोबरला सुरू झाला आणि एकतर्फी युद्धविराम २१ नोव्हेंबरला लागू झाला. या तेहतीस दिवसांत त्यांच्या लॉगबुकात उड्डाणे होती ती सतरा दिवसांची. मी तक्ता दाखवून, थोडा विजयी सुरात, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली. ते बराच वेळ पान बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाकीचे दिवस आम्ही विमानातच बसून होतो." पहाटे चारला उठायचे, विमानात भरलेले सामान तपासायचे, सामान बाहेर ढकलणाऱ्या लष्कराच्या जवानांसह आत बसायचे, दऱ्यांतले ढग उठण्याची वाट पाहायची आणि दुपारी दोनला उड्डाण रद्द झाले की उतरायचे, असे ते सोळा दिवस होते. लॉगबुकात रद्द उड्डाणाला ओळ नसते. त्यांच्या स्मरणात मात्र ते दिवस उड्डाणाचेच होते, आणि वर डोंगरात ज्यांचे पीठ-मीठ त्या दिवशी पोहोचले नाही त्यांच्याविषयी ते त्यानंतर पहिल्यांदाच बोलले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तो या साऱ्या लेखनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: स्मरण आणि कागद यांत फरक पडला, तर एकाने दुसऱ्याला खोडू नये. दोन्ही शेजारी लिहावेत आणि फरक का पडला असेल ते विचारावे. माहिती बहुतेक वेळा त्या फरकातच दडलेली असते. अर्थात विचारताना उलटतपासणीचा सूर लागू देऊ नये. माझा लागला होता, आणि त्यानंतर दोन दिवस लॉगबुकाचे नाव काढता आले नाही.

एक बैठक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर तो फ्लाइट मोडवर ठेवावा. वडील मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचे मिश्रण बोलत असतील तर ते तसेच उतरवावे. सॉर्टी, डिटॅचमेंट (तळापासून दूरची तात्पुरती नेमणूक), क्रू रूम, डिस्पर्सल, कोर्समेट (प्रशिक्षणाच्या एकाच तुकडीतले सोबती), स्क्रॅम्बल हे त्यांचे शब्द आहेत आणि त्यांना शासकीय मराठी प्रतिशब्द लावले की आवाज परका होतो. आईला मात्र स्वतंत्रपणे भेटावे. कोणत्या वर्षी कोणत्या तळावर कोणते क्वार्टर मिळाले, सामानाच्या पेट्या कधी आल्या आणि वडील डिटॅचमेंटवर असताना बातमी कोणी आणत असे, हे तिला जितके अचूक आठवते तितके त्यांना आठवत नाही. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले हा बदल्यांचा दुसरा पक्का पुरावा असतो.

बाहेरचे कागद

घरातील पत्रांवर "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असा पत्ता दिसेल. हे गावाचे नाव नव्हे, तर सैनिकी टपालाचा संकेत आहे, त्यामुळे त्यावरून ठिकाण कळत नाही. ९९ एपीओ पूर्वेकडील तुकड्यांच्या टपालासाठी आहे, एवढा अंदाज मात्र बांधता येतो.

फोटोतील गणवेशावरून हुद्दा ओळखावा. फ्लाइट लेफ्टनंटच्या दोन सारख्या पट्ट्या असतात, स्क्वाड्रन लीडरच्या त्या दोहोंमध्ये एक बारीक पट्टी येते आणि विंग कमांडरच्या तीन पट्ट्या होतात. पदके असतील तर त्यांच्या कडेवर कोरलेला क्रमांक, हुद्दा व नाव भिंगातून वाचावे. १९६५च्या युद्धाशी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक निगडित आहेत. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे पश्चिमी स्टार आणि शिवाय संग्राम पदक दिले गेले. सैन्य सेवा पदकाच्या फितीवरील पट्टीवर प्रदेशाचे नाव असते. कुटुंबात सांगितले जाणारे "पूर्वेला होते की पश्चिमेला" हे वाद या धातूच्या तुकड्यांनी मिटतात.

कमिशन आणि बढत्या यांसाठी भारताचे राजपत्र पाहावे. त्याच्या भाग १, विभाग ४ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बढत्या प्रसिद्ध होतात, तर शौर्यपदकांच्या अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयाकडून भाग १, विभाग १ मध्ये येतात. शोधताना नावापेक्षा सेवा क्रमांक भरवशाचा, कारण आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. जुन्या नोंदींत वैमानिकाच्या क्रमांकापुढे "जीडी (पी)" असते, म्हणजे जनरल ड्यूटीज शाखा, पायलट.

सेवेचा तपशील मिळवण्यासाठी वडिलांनी स्वतः हवाई मुख्यालयाकडे पत्र लिहिणे उत्तम. ते हयात नसतील तर नात्याच्या पुराव्यासह वारसाने लिहावे. माहितीच्या अधिकाराखालीही अर्ज करता येतो. त्याचे शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवस आहे, मात्र २००५च्या त्या कायद्याचे कलम ८ सुरक्षेशी संबंधित माहिती नाकारण्याची मुभा देते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हावीत असे आहे. त्यावर विसंबून थांबू नये. कोर्समेट ऐंशीच्या बरेच पुढे गेलेले असतात, आणि त्यांना फोन करणे हे या यादीतील पहिले काम असले पाहिजे. वैमानिकांइतकेच विमान दुरुस्त करणाऱ्या एअरमेनना शोधावे. वडिलांबद्दलची सर्वांत स्पष्ट, आणि काही वेळा फारशी गौरवाची नसलेली, आठवण मला एका निवृत्त फिटरकडून मिळाली.

जे विचारू नये

लॉगबुकात कधीतरी आठवडाभराची पोकळी दिसते. ती रजा असू शकते, ताप असू शकतो, किंवा त्या आठवड्यात स्क्वाड्रनमधले एखादे विमान परतलेले नसते. शांततेच्या काळातील अपघातांत गेलेले मित्र हा त्या पिढीच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, आणि तो प्रश्न विचारून बाहेर काढण्याचा हक्क आपल्याला आहे असे मला वाटत नाही. पान उघडे ठेवावे, वडील पुढच्या ओळीवर गेले तर आपणही जावे. ते बोलले तर रेकॉर्डिंग चालू ठेवायचे का हे त्यांना विचारावे. त्या मित्रांची कुटुंबे आजही आहेत, म्हणून अपघाताचे कारण, चूक कोणाची, चौकशीत काय निघाले, हे लेखी मजकुरात घालू नये, वडिलांना ते ठामपणे ठाऊक असले तरीही.

शासकीय गुपिते कायदा १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो. डाकोटा किंवा व्हॅम्पायरच्या काळाबद्दल अडचण क्वचितच येईल, पण वडील अलीकडे निवृत्त झाले असतील, तर तळांची रचना, शस्त्रांची क्षमता आणि सध्याच्या कार्यपद्धती यांचा उल्लेख टाळावा. काय टाळायचे याचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. ते आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतात.

लिहिणे

मजकुराची मांडणी हुद्द्यांप्रमाणे केली की ती नोकरीच्या अर्जासारखी दिसते. विमानांप्रमाणे करावी. वैमानिक स्वतःचे आयुष्य "मी पॅकेटवर असताना", "कॅरिबूवर आल्यानंतर" असेच मोजतो, आणि प्रत्येक विमानाबरोबर नवा तळ, नवी माणसे व नवा धोका येतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी लॉगबुकाच्या एका पानाचे छायाचित्र द्यावे आणि त्यातील एकच ओळ उलगडावी. प्रसिद्ध मोहिमांचा इतिहास पानभर सांगण्याचा मोह आवरावा. ११ डिसेंबर १९७१ला आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरवले गेले, हे वाचकाला अन्यत्र वाचता येईल. त्या दुपारी तुमच्या वडिलांच्या लॉगबुकात त्या मोहिमेची ओळ असेल, तर तीन-चार शब्द आणि तासांचा आकडा एवढीच ती असेल, आणि तुम्हाला त्या ओळीपुरतेच लिहायचे आहे.

पहिला खर्डा वडिलांना वाचायला द्यावा, आणि वाचून दाखवू नये, कारण समोर बसून ऐकताना ते हरकत घेत नाहीत. जे काढायला सांगतील ते काढावे. स्कॅन आणि ध्वनिमुद्रणे तीन ठिकाणी ठेवावीत, त्यांपैकी एक दुसऱ्या घरात असावे. छापील प्रती कोर्समेटना पाठवायच्या असतील, तर अक्षर सोळा पॉइंटपेक्षा लहान ठेवू नये. मी बारा पॉइंटमध्ये छापल्या होत्या, आणि चौघांनी फोन करून मलाच त्या वाचून दाखवायला लावल्या.