न्यूटनची गणितं इथे चुकतात: या चुका टाळा

बलाचं उत्तर चुकलं की पुन्हा सूत्र घोकायला बसतात. पण 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' हे बहुतेकांना पाठच असतं. घोळ होतो तो सूत्रात आकडे भरताना, नाहीतर उत्तरापुढे एकक लिहिताना.

वस्तुमान आणि वजन एकच समजणं

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल, म्हणून ते न्यूटन या बलाच्या एककात सांगायचं. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन भरतं, तर चंद्रावर जेमतेम ९७. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच. स्प्रिंगच्या काट्यामुळे हा गैरसमज पक्का होतो, कारण तो मोजतो बल आणि तबकडीवर आकडे असतात किलोग्रॅमचे. हाच काटा चंद्रावर नेला तर तो सुमारे १० दाखवेल.

आता हाच माणूस वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये उभा आहे आणि लिफ्टचं त्वरण वरच्या दिशेने २ मी/से² आहे. लिफ्टची जमीन त्याला किती बलाने वर ढकलते? पुष्कळ जण ६० × २ करून १२० न्यूटन लिहितात. हे उत्तर निरर्थक नाही, पण ते परिणामी बल आहे, म्हणजे सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज. जमिनीला आधी त्याचं ५८८ न्यूटन वजन पेलायचं आहे आणि त्यावर हे १२० द्यायचे आहेत. म्हणजे ७०८ न्यूटन. सूत्रातलं बल नेहमी परिणामी असतं. म्हणून आधी आकृती काढा, सगळी बलं बाणांनी दाखवा आणि मगच आकडेमोड करा.

एककं न बदलता गुणाकार करणं

५०० ग्रॅमच्या ठोकळ्याला २०० सेमी/से² त्वरण द्यायचं आहे. कोणी थेट गुणाकार करून १,००,००० न्यूटन लिहितं. आकडा बरोबर आहे, पण ते डाइन (ग्रॅम-सेंटीमीटर पद्धतीतलं बलाचं छोटं एकक) झाले! १ न्यूटन म्हणजे १,००,००० डाइन, म्हणून खरं उत्तर फक्त १ न्यूटन. आधी ०.५ किलोग्रॅम आणि २ मी/से² करून घेतलं असतं तर उत्तर सरळ आलं असतं. असं अवाढव्य उत्तर दिसलं की थांबा. साधारण १०० ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली की जो भार जाणवतो, तो जवळपास १ न्यूटन, एवढा अंदाज मनात पक्का असू द्या.

एककांची ही चूक किती महागात पडते हे १९९९ साली दिसलं. नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाशी पोहोचताना गमावलं गेलं. एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे, म्हणजे बल गुणिले वेळ याचे, आकडे पाउंड-बल सेकंदात दिले आणि मार्ग आखणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक जवळपास साडेचार पटींचा. यान ठरल्यापेक्षा खूपच खालून वातावरणात शिरलं.

चिन्हाचं थोडक्यात: रोमन लिपीत न्यूटनचं चिन्ह नेहमी मोठं एन. छोटं एन हा 'नॅनो'चा उपसर्ग आहे. तसंच न्यूटन-मीटर लिहिताना अक्षरांची अदलाबदल झाली तर त्याचं मिलिन्यूटन होतं.

नावामागच्या माणसाबद्दलचे गैरसमज

आयझॅक न्यूटन यांनी हे एकक स्वतः ठरवलं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्यांनी गतीचे तीन नियम मांडले. 'न्यूटन' हे नाव वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ मध्ये स्वीकारलं, त्यांच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. सफरचंद डोक्यावर पडल्याची गोष्टही मागून जोडलेली आहे. सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचला, एवढंच त्यांनी म्हातारपणी आपले मित्र विल्यम स्टकली यांना सांगितलं होतं.

जन्मतारीख काही ठिकाणी २५ डिसेंबर १६४२ तर काही ठिकाणी ४ जानेवारी १६४३ दिसते. यातली कोणतीही खोडू नका. इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, दुसरी तारीख आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची. फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा.