लेहरा धरणारं यंत्र

लहानपणी मी तबल्याच्या परीक्षांना लेहरा धरायला बसायचे. एकामागून एक विद्यार्थी यायचे. कुणाचा कायदा (बोलांची बांधलेली रचना) पक्का, कुणाची तिहाई (शेवटी तीनदा वाजवायचा तुकडा) घसरलेली. माझं काम एकच होतं. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसलेली चंद्रकौंसची ओळ व्हायोलिनवर न हलता वाजवत राहायची. पुढे पुष्कळ वर्षांनी एकटीने छोटे कार्यक्रम करायला लागले, लूपर घेतला, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हापुन्हा वाजवत राहणारं यंत्र, आणि पहिल्याच आठवड्यात जाणवलं की हे यंत्र माझ्या त्या जुन्या जागेवर येऊन बसलंय. त्यातला फिरत राहणारा तुकडा, लूप, म्हणजे लेहरा. असं धरून चाललात तर अर्धे निर्णय आपोआप होतात.

सगळ्यांत आधी बैठकीचा प्रश्न. गिटारवाले उभे असतात, पाय मोकळा असतो, त्यांना बॉसचा आरसी-१ किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिटो यांसारखं एका बटणाचं पेडल पुरतं. आपल्या पद्धतीने मांडी घालून व्हायोलिन वाजवणाऱ्याचा उजवा पाय वाद्याचं डोकं तोलून असतो, डावा दुमडलेला. पेडल दाबायचं कशाने? मी बरेच महिने गजाच्या हाताने बटण दाबायचा खटाटोप केला. तो सोडून द्या. ज्या क्षणी बटण दाबायचं, नेमक्या त्याच क्षणी गज तारेवर हवा असतो. बाहेरचा फूटस्विच जोडून त्यावर रेकॉर्ड-प्ले नेमता येईल असा टेबलटॉप लूपर घ्या. फूटस्विच डाव्या गुडघ्याखाली ठेवा, मांडीखाली दुमडलेल्या सतरंजीची घडी घाला म्हणजे गुडघा अधांतरी राहतो आणि हलकेच खाली टेकवला की काम होतं. खटका वाजणारा स्विच नको, मऊ हवा. शांत आलापात तो ‘टक्’ शेवटच्या रांगेतही ऐकू जातो. हार्मोनियमवाल्यांनी सरळ खुर्ची आणि स्टँड घ्यावा, पाय सुटतात.

आता सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा. नवख्यांचे बहुतेक लूप इथेच बिघडतात. सोळावी मात्रा वाजली की काम झालं असं वाटतं आणि बटण दाबलं जातं. पण सोळावी मात्रा सुरू झालीय, संपलेली नाही. ती पुढच्या समेवर संपते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा पूर्ण फेरा, आठ सेकंदांचं. शेवटची मात्रा निम्मी कापली गेली तर दर आठ सेकंदांनी पाव सेकंदाची ठेच लागते, आणि ती कार्यक्रमभर लागत राहते. म्हणून असं करा: पहिलं आवर्तन नुसतं वाजवा, काही रेकॉर्ड करू नका. दुसऱ्या समेवर दाबा. तिसऱ्या समेवर पुन्हा दाबा, आणि दाबताना गज थांबवू नका. सम ओलांडून वाजवत राहा. गज थांबला की हात आणि गुडघा दोघेही बिचकतात.

सराव वाद्याशिवाय करा. टाळी देत, बोल म्हणत, फक्त गुडघ्याने. मी रोज सकाळी दहा मिनिटं हेच केलं, दोन महिने. नंतर लूप चालू ठेवून त्यावर वीस आवर्तनं हाताने ताल धरा. विसाव्या समेला टाळी आणि लूप एकत्र पडले तर लूप ठीक. क्वांटाइझ नावाची सोय असते, ती बटण दाबण्यातली चूक ओढून मात्रेवर आणते. सुरुवातीला ती बंद ठेवा, नाहीतर कान तयार होत नाही.

जुन्या यंत्रांची मर्यादा आठवली की आजची सोय कळते. अमेरिकेतला अँड्र्यू बर्ड व्हायोलिनचे थर एकावर एक रचत एकट्याने मंच भरून टाकतो, आणि त्याने वापरलेल्या लाइन ६ कंपनीच्या डीएल४ मध्ये जेमतेम १४ सेकंदांचा लूप मावायचा. म्हणजे मिनिटाला ६० मात्रांच्या लयीतला तीनतालही त्यात बसला नसता, त्याला सोळा सेकंद लागतात. आज मिनिटांचे लूप मिळतात. तरीही लूप एका आवर्तनाचाच ठेवा, फार तर दोन.

काय भरायचं यावर माझं मत ठाम आहे: कमी. लेहरा धरणारा मध्येच हरकत घेत नाही. लूपमध्ये मींड, आंदोलन, गमक असे स्वर घसरवण्या-झुलवण्याचे प्रकार घालू नका. दरबारीचा गंधार एकदा आंदोलित झाला तर अंगावर काटा येतो. तोच गंधार तसाच्या तसा, त्याच जागी, तिसाव्यांदा आला की राग मेला. लूपमध्ये उभे, सरळ स्वर ठेवा आणि जे जिवंत असायला हवं ते हाताशी राहू द्या. माझे थर तीन असतात. पहिला बोटाने छेडलेला खर्ज, षड्ज-पंचमाभोवती, समेवर आणि कालावर (तालातल्या खालीच्या मात्रेवर) ठळक. दुसरा गजाच्या टोकाने तारेवर मारलेले कोरडे आघात, ठेक्याच्या वजनासाठी. तिसरा दोन लांब स्वर, अगदी हळू. चौथा थर घ्यावासा वाटतोच. घेतला की माझ्या मुख्य ओळीला जागा उरत नाही, कारण सगळे थर एकाच वाद्याचे, एकाच आवाजाचे असतात.

तानपुरा लूप करू नका. अखंड नाद जिथून कापला तिथे जोड ऐकू येतो, कारण शेवट आणि सुरुवात यांच्या लहरी जुळत नाहीत. तानपुरा वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या चॅनलमधून चालू ठेवा. एक फायदाही होतो, लूप बदलताना किंवा पुसताना मंच कधी रिकामा पडत नाही.

जोडणी थोडक्यात. पिकअप (वाद्याला लावायचा आवाज टिपणारा तुकडा), प्रीअँप (तो क्षीण आवाज वाढवणारी पेटी), इफेक्ट, लूपर, मिक्सर, या क्रमाने. पिएझो, म्हणजे कंपनं टिपणारा, पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला तर आवाज पातळ आणि कर्कश येतो. त्याला एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट इम्पीडन्सचा प्रीअँप लागतो. ज्यांना माइकच वापरावा लागतो, गाणाऱ्यांना विशेषतः, त्यांनी मॉनिटर, म्हणजे मंचावर कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, कुठे आहे ते बघावं. मॉनिटरमधला लूप माइकमध्ये शिरला की प्रत्येक नव्या थराबरोबर जुना लूपही पुन्हा रेकॉर्ड होतो आणि तिसऱ्या थराला नुसता गोंगाट उरतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक मागच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो, मॉनिटर नेमका त्या बाजूला ठेवायला सांगा. ध्वनिव्यवस्थेवाल्याला हे कार्यक्रमाआधी, शांतपणे, दोन मिनिटं काढून सांगा.

एसी हॉलमध्ये वीसेक मिनिटं बसून मगच सूर पक्का करा. तारा गारव्याने चढतात, लूप मात्र जिथे रेकॉर्ड झाला तिथेच राहतो. मध्ये सूर हलला तर मी लूप पुसते, तानपुऱ्यावर तारा पुन्हा मिळवते आणि नव्याने थर रचते. श्रोते थांबतात. एकदा मी तसंच ओढत नेलं होतं. पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते, त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून विसरलेले नाही.

लयीचंही तसंच. तबलजी आपल्याबरोबर चढतो, यंत्र चढत नाही. भजनात लय वाढायलाच हवी, तिथे एकच लूप शेवटपर्यंत ओढू नका. पहिला लूप समेवर थांबवा, तानपुऱ्यावर एखादी ओळ मोकळी आळवा, त्यातच नवी लय मनात धरा आणि द्रुत लयीत दुसरा लूप बांधा. ही मधली मोकळी ओळच लोकांना जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

शेवटासाठी थांबवण्याचा स्विच वेगळा ठेवा. पुष्कळ पेडलांमध्ये थांबवायला दोनदा दाबावं लागतं आणि दुसरा दाब नेमका समेवर पडावा लागतो. तिहाईच्या ऐन शेवटी हे साधत नाही. मी डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुसरा स्विच ठेवते. तिहाईच्या तिसऱ्या पल्ल्याचा शेवटचा स्वर, सम आणि गुडघा एकदम. तिन्ही थर तिथेच तुटतात, तानपुरा चालू राहतो. मग गज खाली ठेवून तानपुऱ्याचं बटण मी हाताने, सावकाश शून्यावर आणते.