किलीमांजारोला दोघंच जाताय? मग दोन गाईड घ्या

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास अन् आफ्रिकेतल्या टांझानियातल्या किलीमांजारो डोंगराचं टोक 5895 मीटरवर, तिथं एका श्वासात प्राणवायू जवळपास निम्माच मिळतो, त्यामुळं सिद्धेश्वर तलावाला रोज कितीबी फेऱ्या मारा, पाय तयार होतील पण डोकं दुखायचं ते दुखू शकतंच. पैसे वाचवायला पाच दिवसांचं पॅकेज घेऊ नका, सात-आठ दिवसांचा रूट बघा, म्हणजे अंगाला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो.

आता मेन गोष्ट. गाईड तिथं सक्तीचाच आहे, पण दोघांत एकच असला अन् एकाला त्रास झाला तर दुसऱ्यालाही उतरावं लागतं, म्हणून बुकिंग करतानाच असिस्टंट गाईड पक्का करा. अन् उलट्या थांबेनात किंवा चालताना तोल जायला लागला तर खाली उतरायचं हे आजारी माणसानं नाही, सोबत्यानं ठरवायचं, कारण वर गेल्यावर प्रत्येकजण 'काय नाही ओ, बराय मी' असंच म्हणतो.

वर भूक मरते, तेव्हा आपली कडक भाकरी अन् शेंगाचटणी न्याच, दोन घास तरी जातात. हेडलॅम्पचे जादा सेल आतल्या खिशात ठेवा, थंडीत लवकर उतरतात.